आधी स्लॅब, मग कायदा

गच्चीवर एक खोली चढवायची आहे ना? मग कृपा करून महापालिकेत जाऊ नका. तिथे नकाशा, प्रॉपर्टी कार्ड, एफएसआयचा (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं त्याचा) हिशेब, साइड मार्जिन (बाजूला सोडायची मोकळी जागा)... एखादा भाबडा सांगेल, ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदाच मानतो. मानतो, पण बांधकाम नियमात बसत असेल तर. आणि नियमात बसणारं बांधायला तुम्ही काय इतके हे आहात?

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार, बाहेरचं रूप फारसं न बदलणाऱ्या डागडुजीला परवानगी लागत नाही. एवढी फट पुरे. बाल्कनी खोलीत घेतली? डागडुजी. पार्किंगला शटर लावून गाळा काढला? वापर बदलणं हासुद्धा 'विकास'च, असं तोच कायदा म्हणतो. पण शटर खाली असताना कुणाला दिसतंय? शेतीसाठी विहीर खणायलाही मुभा आहे. फार्महाऊसच्या स्विमिंग पूलला विहीर म्हणताना जीभ थोडीच अडखळते!

काम शुक्रवारी रात्री काढा. हिरवं कापड बांधा. सोमवारी वॉर्ड ऑफिस उघडेपर्यंत स्लॅब टाकून झालेला हवा. नोटीस येईल, ती दारावर चिकटवतात. तुम्ही दार अजून बसवलेलंच नसतं. कायद्यात महिना ते तीन वर्षं कैद आहे, हे वाचून घाम फुटला तर पुढचं वाक्य वाचा: दंड दोन ते पाच हजार. बाथरूमच्या नळांना याहून जास्त लागतात.

मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्तीही लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली ती माफ झाली. वेळेवर भरणारे आता कुठे तोंड लपवत असतील कोण जाणे! त्याआधी २०१७ मध्ये, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं पैसे भरून नियमित करायची सोय निघालीच होती. तुमची तारीख हुकली? बसा, पुढची निवडणूक येईल.

फक्त खालचे खांब वरचा भार पेलतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारू नका. नसती शंका काढतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये ठाण्याजवळ शिळफाट्याला विनापरवाना इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्यात राहायला आलेली कुटुंबं होती, मजूर होते. तेव्हा खोली बांधून झाली की तुम्ही स्वतः तिथे राहू नका. भाड्याने द्या.