कापडाच्या कडेला मेणबत्ती दाखवण्याआधी

शिवणक्लासच्या आणि बचत गटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा मतलब असा: इंटरलॉकवर (कापलेली कड मशीनने दोऱ्यांत गुंफून घेण्यावर) पैसे घालवू नका, कापलेल्या कडेवरून मेणबत्तीची ज्योत फिरवा. ज्योतीची भीती वाटत असेल तर नेलपॉलिश किंवा फेविकॉल लावा. झिगझॅग कात्री असेल तर काहीच करायची गरज नाही. आणि दोरा, हाताचा असो की मशीनचा, मेणावरून ओढून घ्या; तो कधीच पिंजारणार नाही.

यातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी थोडीफार खरी आहे, म्हणूनच ती पुढे ढकलली जाते. पण गावात पायमशीनवर ब्लाऊज, गणवेश शिवणारी बाई हे सगळ्याच कापडांवर करून बसली, तर गिऱ्हाइकाचं कापड वाया जातं आणि भरपाई तिच्या अंगावर येते.

ज्योतीचंच आधी बघू. ज्योतीने कड बंद होते ती फक्त वितळणाऱ्या धाग्याची, म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनची. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं आणि थंड झालं की धाग्यांची टोकं एकमेकांना चिकटून बसतात. सुती कापड वितळतच नाही, ते जळतं. खादी, रुबिया, पॉपलिन, मलमल यांच्या कडेला ज्योत दाखवली की कड काळी पडते, धागा ठिसूळ होतो आणि पहिल्याच धुण्यात ती जळकी कड झडून आतून नव्या दशा, म्हणजे सुटे धागे, निघतात. रेयॉनचंही तसंच. कोसा आणि इतर रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, टोकाला काळी गुठळी येते आणि ती चिमटीत चुरडली जाते. गणवेशाच्या टेरिकॉटमध्ये दोन्ही धागे असतात: पॉलिएस्टर वितळतं, सूत करपतं आणि पांढऱ्या शर्टाच्या शिवणीत तपकिरी रेघ उमटते. शुद्ध पॉलिएस्टरवरही वितळलेली कड थंड झाल्यावर काटेरी होते. मुंढ्यात किंवा गळ्यात ती आली तर लेकराची मान दिवसभर खाजते.

धोका वेगळाच. पॉलिएस्टरचा वितळलेला थेंब कातडीला चिकटतो आणि झटकून निघत नाही. आपल्याकडे तर शिवणाचा हंगाम दिवाळीचा, आणि त्याच दिवसांत वेचणीचा कापूस घरात, ओसरीवर येऊन पडलेला असतो. त्या घरात शिवणाशेजारी पेटती मेणबत्ती ठेवायला सांगणं हा सल्ला नव्हे.

ज्योत चालते ती सॅटिनच्या रिबिनीला, पॉलिएस्टरच्या नाडीला, नायलॉनच्या दोरीला. तिथेही टोक ज्योतीत घालायचं नसतं. ज्योतीच्या बुडाशी, निळ्या भागाच्या बाजूला सेकंदभर धरायचं, कड जरा आत वळली की लगेच मागे घ्यायचं. जवळ पाण्याचं भांडं हवंच. कापड कोणतं ते कळत नसेल तर आधी चार-पाच धागे काढून चिमट्यात धरून अंगणात जाळून बघा: कागदासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा रेयॉन, कडक न चुरडणारा मणी म्हणजे पॉलिएस्टर किंवा नायलॉन, मणी आणि राख दोन्ही म्हणजे मिश्रण.

नेलपॉलिश आणि फेविकॉल यांचं थोडक्यात. नेलपॉलिश वाळलं की काचेसारखं कडक होतं, घडीवर तडकतं, पातळ कापडावर तेलकट डागासारखं दिसतं आणि ओलं असताना पटकन पेट घेतं. फेविकॉल पाण्यात मऊ पडतो. म्हणजे जे कापड धुवायचं आहे त्यावर तो टिकायचा नाही, शिवाय त्यातून टीप मारताना सुई चिकट होते आणि टाके सुटतात.

झिगझॅग कात्रीचा दावा मात्र नीट तपासावा असा आहे, कारण कापडाच्या दशा का सुटतात ते त्यातून कळतं. सरळ कापलेल्या कडेशी समांतर असलेल्या शेवटच्या धाग्याला बाहेरून धरणारं काही उरत नाही. कापडाचा मूळ काठ सुटत नाही, कारण तिथे आडवा धागा वळून परत आत गेलेला असतो. झिगझॅग कात्री कडेला तिरपे दात पाडते, त्यामुळे सुटा धागा फार लांब राहत नाही, दाताएवढाच निघतो. घट्ट विणीच्या पॉपलिनवर हे बऱ्यापैकी चालतं. धागा गुळगुळीत आणि वीण सैल असेल तर दातच गळून पडतात.

भंडाऱ्याकडच्या कोशावर करून बघा. हातभर तुकडा सरळ कापा आणि कडेचा एक धागा सुईच्या टोकाने उचला. ओढावाही लागत नाही, पूर्ण लांबीचा धागा अलगद बाजूला येतो. त्यामागचा दुसराही तसाच. टू बाय टू रुबियाचा तेवढाच तुकडा घेतला तर धागा दोन-तीन इंच येतो, अडकतो आणि तुटतो. कोशाच्या ब्लाऊजमध्ये म्हणूनच नुसती कड बंद करून भागत नाही. बगलेत ताण आला की टाक्याच्या आतले धागेच सरकतात आणि शिवण जाळीसारखी उघडते. त्यासाठी बाजूला पाऊण ते एक इंच माया (टिपेच्या बाहेर राहणारं जास्तीचं कापड) ठेवा. कोशाचा आणि अस्तराचा तुकडा एकावर एक ठेवून कडेपासून 4 मिलिमीटरवर चारही बाजूंनी टीप मारा, मगच दोन्ही एकच कापड समजून शिवा. टाका बारीक ठेवा, इंचाला 12 ते 14. फिटिंग अंगाला चिकटून देऊ नका, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगितलेलं बरं.

मग इंटरलॉक नसेल तर काय करायचं? पायमशीन फक्त सरळ टीप मारते, तरी पुरे. पातळ सुती कापडाला फ्रेंच शिवण घाला. माया दीड सेंटिमीटर ठेवा. उलट बाजू एकमेकींना लावून कडेपासून 7 मिलिमीटरवर पहिली टीप मारा, माया छाटून 3 मिलिमीटर करा, लोंबणारे धागे कापा, मग सुलट बाजू आत घेऊन 6 मिलिमीटरवर दुसरी टीप. कड शिवणीच्या पोटात कायमची बंद होते. छाटायचा कंटाळा केला तर दुसऱ्या टिपेतून धाग्यांच्या मिशा बाहेर डोकावतात, इथेच बहुतेकींचं चुकतं.

मुंढ्याच्या गोलाईत फ्रेंच शिवण चोळामोळा होते, तिथे 3 सेंटिमीटर रुंदीची उरेब, म्हणजे कापडावर तिरपी कापलेली, पट्टी लावा. पट्टी 45 अंशांतच कापलेली हवी; जरा सरळ झाली की गोलाईवर नीट वळत नाही आणि चुण्या पडतात. जाड खादीला कडेपासून 3 मिलिमीटरवर एक टीप मारून त्यावरून हाताने तिरपे गुंडाळीचे टाके घ्या, टाक्यांत 5 ते 6 मिलिमीटर अंतर, दोरा ओढून कड गोळा करायची नाही. ही टीप कापड पाण्यात घालण्याच्या आधी मारा. नवं कापड आकसवायला तसंच बादलीत टाकलं तर दशांचा गुंता होतो आणि दोन-तीन इंच कापड त्यातच जातं.

तालुक्याला इंटरलॉक करून घ्यायचं असेल तर शिवण्याआधी, सुटे तुकडे न्या. त्या मशीनची पाती कडेचं थोडं कापड छाटते, म्हणून पाव इंच जास्त ठेवून कापा. साडीच्या पिकोवरही सगळं सोडू नका. सैल विणीच्या साडीत पिको दोन-चार धागेच पकडते आणि झालरीसारखी सगळीच निघून येते; कड 3 मिलिमीटर दुमडून त्या दुमडीवर पिको करायला सांगा.

आता दोरा. मेण लावणं खरं उपयोगाचं आहे ते बटण लावायच्या सुती दोऱ्याला, गोधडीच्या दोऱ्याला. तेही मधमाशीचं मेण. दोरा दोनदा त्यावरून ओढा आणि कागदाच्या घडीत ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवा, म्हणजे मेण आत मुरतं. मेणबत्तीचं मेण चुऱ्यासारखं गळतं आणि इस्त्रीखाली कापडावर डाग सोडतं. भरतकामाच्या चमकदार दोऱ्याला मेण लावलं की चमक मरते. तो पिंजारतो लांबीमुळे: दर टाक्याला दोरा कापडातून आणि सुईच्या नाकातून घासला जातो. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर एवढाच घ्या. लच्छीच्या सहा पदरांतले हवे तेवढे पदर एकेक करून ओढून काढा आणि परत जुळवा. नाक मोठं असलेली भरतकामाची सुई वापरा. दोन-चार टाक्यांनी सुई लोंबती सोडून दोऱ्याचा पीळ उतरू द्या.

मशीनच्या दोऱ्याला मेण लावू नका. ते ताणाच्या चकत्यांमध्ये साचतं, त्यावर धूळ बसते आणि ताण कमी-जास्त होत राहतो. मशीनवर दोरा पिंजारतो तेव्हा दोष बहुधा सुईत असतो. रुबियाला 11 किंवा 14 नंबर, जाड खादीला 16. जाड दोरा बारीक नाकात घातला की तो सोललाच जाणार. दोरा सुईच्या लांब खाचेच्या बाजूने ओवा, चपटी बाजू त्याच्या विरुद्ध अंगाला. सुईचं टोक नखावरून फिरवा, ओरखडा उठला तर सुई बदला. सुई बदलूनही तेच होत असेल तर जुना नायलॉनचा मोजा सुईखालच्या पट्टीच्या भोकावरून फिरवा. जिथे अडकेल तिथे सुईच्या धडकांनी कंगोरा आला आहे. तो अगदी बारीक पॉलिश पेपरने घासा, पट्टी पुसा, तेल द्या आणि पहिल्या दोन हात टिपा चिंध्यांवर मारा, म्हणजे तेल गिऱ्हाइकाच्या कापडावर उतरत नाही.