‘गाडी हलत नाही, मग कूलरला वारा कुठून?’ : मुलुंडकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुलुंडकर, नमस्कार.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जादा ऑइल कूलर (गिअरबॉक्सचं तेल हवेने गार करणारा छोटा रेडिएटर) बसवण्यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा: मुंबईत गाडी चालत नाही, सरकते. सरकत्या गाडीत जाळीतून वारा येत नाही, म्हणजे कूलर हा बंपरमागचा शोपीस. गरज असती तर कंपनीनेच दिला असता. शिवाय त्याने एसी मंदावतो आणि वॉरंटी जाते. तुमची स्वतःची ऑटोमॅटिक घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये रोज पिळून निघते, तिला काही झालेलं नाही. आणि वर, ‘तुमचं कुणा दुकानदाराशी साटंलोटं दिसतंय.’

शेवटचं आधी निकालात काढतो. कूलर विकणाऱ्या कुणाचाही रुपया माझ्या खिशात येत नाही. उलट इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना मी कूलर घेऊच नका असं सांगणार आहे, आणि त्यात तुम्ही पहिले.

कारण तुमची गाडी, तुम्हीच लिहिलंय त्याप्रमाणे, एएमटी आहे. २०१४ साली सेलेरिओमधून आपल्याकडे आलेला हा प्रकार म्हणजे आतून सरळसरळ मॅन्युअल गिअरबॉक्स. तोच क्लच, त्याच क्लच प्लेट, फक्त पायाच्या आणि हाताच्या जागी अॅक्च्युएटर. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची शक्ती तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नाही, पंपाने फिरवलेलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नाही, कूलरकडे जाणारा पाइप नाही. कूलर जोडायचा तरी कशाला? तेव्हा तुमच्या गाडीला ट्रॅफिकमध्ये काही झालं नाही हे खरं असलं, तरी ज्या गिअरबॉक्सबद्दल मी लिहिलं त्याच्याबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ड्राय क्लचवाल्या डीसीटीचंही (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचंही) असंच. तिथे तापतो तो कोरडा क्लच, आणि तेल गार करून त्याला काही फायदा नाही. माझा लेख टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी होता, आणि थोडाफार सीव्हीटीवाल्यांसाठी (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा प्रकार).

आता वारा. मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण मुंबईत एसी बंद ठेवून गाडी चालवणारं उरलंय कोण? एसी लागला की गाडी सायनच्या सिग्नलला ठप्प उभी असली तरी पुढचा पंखा फिरतो, आणि तो पंखा एसीचा कंडेन्सर आणि इंजिनचा रेडिएटर या दोन्हींतून हवा ओढतो. कूलर या कंडेन्सरच्या पुढे, पंख्याच्या ओढीत बसवला तर त्यालाही तीच हवा मिळते. हायवेवर मिळते तेवढी नाही, पण शून्यही नाही. तुमचं म्हणणं खरं ठरतं ते कूलर बंपरच्या कोपऱ्यात, फॉगलॅम्पच्या मागे कुठेतरी टांगला तर. तिथे पंख्याची ओढ पोचत नाही, आणि तसे बसवलेले कूलर मी पाहिले आहेत. जागा मिळाली म्हणून तिथे ठोकलेले.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जिच्याकडे कुणी बघत नाही. रेडिएटरच्या कडेने फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात. पुढचा बंपर एकदा ठोकला जाऊन दुरुस्त झाला की त्या पट्ट्या बहुतेकदा परत लागतच नाहीत. मग उभ्या गाडीत इंजिनकडची गरम हवा त्या फटींतून फिरून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत बसतो. अशा गाडीला कूलर बसवण्याआधी त्या पट्ट्या लावा. किंमत किरकोळ आहे.

मुळात उष्णता येते कुठून, हे आकड्यांत बघितलं तर आपला वाद बराचसा मिटेल. गाडी ‘डी’मध्ये, पाय ब्रेकवर, सिग्नल लाल. इंजिन ७०० आरपीएमला फिरतंय आणि कन्व्हर्टरवर समजा २० न्यूटन-मीटरचा टॉर्क टाकतंय. चाकं उभी आहेत, म्हणजे ही सगळी शक्ती तेल घुसळण्यात जाते. गुणाकार केला तर जवळजवळ दीड किलोवॅट. घरची इस्त्री एक किलोवॅटची असते, त्यावरून अंदाज घ्या. नव्या काही गाड्या अशा वेळी आपोआप क्लच सोडून देतात, जुन्या देत नाहीत. जुनी गाडी असेल आणि सिग्नलवर नव्वद सेकंद दिसत असतील तर ‘एन’मध्ये टाका. पाच सेकंदांसाठी मात्र हा खेळ करू नका, दर वेळी क्लच सुटून पुन्हा बसण्यातही झीज असते.

आता घाट. खोपोली ते लोणावळा चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा. सात माणसं आणि सामान भरलेली डिझेल एसयूव्ही २४०० किलोची धरा. तेवढं वजन तेवढं वर न्यायला सुमारे १ कोटी ३० लाख ज्यूल लागतात. गाडी साठच्या वेगाने सलग चढली तर कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) बराच वेळ लागलेला राहतो, घसरण जवळपास होत नाही आणि गिअरबॉक्स आरामात असतो. पण लॉक-अप सुटलेला असेल आणि कन्व्हर्टरमध्ये नुसते दहा टक्के जरी वाया गेले, तरी १३ लाख ज्यूल तेलात उतरतात. सात लिटर एटीएफला एक अंश तापायला साधारण १२ हजार ज्यूल पुरतात. म्हणजे कुठून काहीच उष्णता बाहेर गेली नाही तर तेल शंभर अंशांहून जास्त चढेल. अर्थात ती बाहेर जाते, गिअरबॉक्सचं अॅल्युमिनियम आणि कंपनीचा कूलर आपलं काम करतात. प्रश्न त्यांना किती अवसर मिळतो हा आहे.

आणि अवसर मिळत नाही तो नेमका शनिवारी सकाळी. दादर-ठाण्यातून अख्खी मुंबई निघालेली, अमृतांजन पॉइंटच्या अलीकडे (पूल २०२० साली पाडला, नाव मात्र हटायला तयार नाही) तिन्ही लेनमध्ये ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करतायत, आणि आपण दोन गाड्यांएवढं पुढे जातो, थांबतो, पुन्हा जातो. चढावर प्रत्येक वेळी उभ्यातून निघायचं, म्हणजे लॉक-अपचा प्रश्नच नाही आणि घसरण सगळ्यात जास्त. घाटाचा भार आणि शहराचा वेग असं दोन्हीकडचं वाईट एकत्र येतं. माझा सगळा लेख या एका परिस्थितीबद्दल होता. जो महिन्यातून दोनदा भरल्या गाडीने ही शनिवारची रांग लावतो, त्याने कूलरचा विचार करावा. जो अंधेरीहून बीकेसीला जातो-येतो आणि दिवाळीत एकदा गावाला जातो, त्याने त्या पैशांत गिअरबॉक्सचं तेल बदलावं.

त्या रांगेत काही जण एक भयंकर गोष्ट करतात: चढावर ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतात. मॅन्युअलवर हाफ क्लचची सवय लागलेल्यांची ही खोड. कन्व्हर्टर असेल तर तेल उकळतं, डीसीटी किंवा एएमटी असेल तर क्लच जळतो. मुलुंडकर, हे तुमच्या गाडीलाही लागू आहे, गायमुखच्या चढावर लक्षात ठेवा.

‘कंपनीच्या इंजिनिअरना कळत नाही का?’ चांगलंच कळतं. म्हणून तर अमेरिकेत ट्रेलर ओढण्याचं टोइंग पॅकेज घेतलं की त्यात बऱ्याच गाड्यांना ट्रान्समिशनचा जादा कूलर कंपनीच बसवून देते. आपल्याकडे ट्रेलर ओढत नाही कुणी, म्हणून ते पॅकेज येत नाही. रोजच्या वापराला कंपनीची व्यवस्था पुरते. ती काय आहे तेवढं बघा: बहुतेक गाड्यांत एटीएफ रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या नळीतून फिरतं आणि आपली उष्णता कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, देतं. कूलंटच नव्वद अंशांच्या आसपास असताना तेल त्याच्या फारसं खाली उतरत नाही. जाममध्ये कूलंट शंभरीला टेकला की तेल त्याच्याही वर. ऐंशी ते शंभर ही तेलाची सुखाची पातळी. त्यापुढे दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं हा ढोबळ नियम आहे. कूलर विकणारे याच नियमाचे रंगीत तक्ते करून घाबरवतात, म्हणून आकडे अगदी अक्षरशः घेऊ नका. दिशा मात्र बरोबर आहे.

जादा कूलर या रेडिएटरच्या नंतर जोडायचा. गिअरबॉक्समधून निघालेलं तेल आधी रेडिएटरमध्ये जाईल, मग हवेच्या कूलरमध्ये, तिथून परत गिअरबॉक्सला. उलटं जोडलं तर हवेने गार केलेलं तेल कूलंट पुन्हा तापवतो. थंड प्रदेशात तेच बरं असतं, कारण तिथे तेल फार गार राहणं हाही त्रास. मुंबईत जानेवारीच्या पहाटेही पंधराच्या खाली पारा क्वचित जातो, त्यामुळे इथे ती धास्ती नको. तरीही थर्मोस्टॅट बायपासवाला (तेल गार असताना कूलरला वळसा घालू देणारा) कूलर मिळाला तर तोच घ्या, मनालीला जाणारे मुंबईकर काही कमी नाहीत. आणि तुमचा एक टोला मान्य: कूलर कंडेन्सरपुढे आला की एसी किंचित मंदावतो. म्हणून पूर्ण कंडेन्सर झाकणारा मोठा कूलर नको, त्याचा एखादा भाग व्यापणारा पुरे.

माझ्या शेजाऱ्यांच्या सात सीटरला खंडाळ्याच्या चढावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, तेव्हा ती भांडुपच्या एका गॅरेजमध्ये उघडली. मिस्त्रीने आधी काय केलं, तर एटीएफचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकला. चांगलं तेल लालसर असतं आणि एकसारखं पसरतं. हे मध्ये तपकिरी साचलं आणि कडेने फिकट कडं सुटलं, वास करपलेला. मग खालचं पॅन काढलं. त्यातल्या लोहचुंबकांवर राखाडी मलम जमलं होतं, बोटांत चोळलं तर गुळगुळीत, एकही कण टोचत नव्हता. तो म्हणाला, ‘कण नाहीत ना, मग गिअरबॉक्स वाचला.’ नंतर बंपर काढला तर कंडेन्सरच्या पात्यांमध्ये धूळ, किडे आणि कापसासारखा भुगा असा गच्च बसलेला की पलीकडचा टॉर्च दिसेना. इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने धुतलं, पात्या वाकतात म्हणून प्रेशर गन वापरली नाही. तेल आणि फिल्टर बदलला. तेवढ्याने सूचना यायची थांबली. कूलर बसवलाच नाही.

त्या तेलाबद्दलही बोललं पाहिजे, कारण शोरूममध्ये ‘लाइफटाइम फिल आहे साहेब’ असं हमखास ऐकवतात. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला म्हणते. आपल्या गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये ‘सीव्हिअर’ म्हणजे खडतर वापराचं वेगळं कोष्टक असेल तर तेच आपलं. थांबत-थांबत चालणं, डोंगर आणि धूळ हे तिन्ही आपल्याला फुकटात मिळतं.

तापमान मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका, हे मूळ लेखातही होतं, तुमच्या नजरेतून निसटलं असावं. ओबीडीचा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) आणि फोनवरचं अॅप एवढ्यावर बऱ्याच गाड्यांत एटीएफचं तापमान दिसतं. सगळ्यांत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा. एका शनिवारी घाटात बघा. १०५च्या आत राहत असेल तर विषय संपला. जाममध्ये १२० ओलांडून तिथेच रेंगाळत असेल तर कूलरला अर्थ आहे.

राहता राहिली वॉरंटी. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा. वॉरंटीतल्या गाडीचा एटीएफचा पाइप कापू नका. उद्या गिअरबॉक्सचं काहीही निघालं तरी बोट त्या पाइपकडेच जाईल. काही नव्या गाड्यांत तर तेलाचे बाहेरचे पाइप नसतातच. कूलंट गिअरबॉक्सवरच्या छोट्या एक्सचेंजरपर्यंत जातो आणि तिथेच उष्णतेची देवाणघेवाण होते. अशा गाडीत जुगाड करायला जाऊ नये. जुन्या, जास्त पळालेल्या गाडीत मात्र रेडिएटरमधली ती नळी आतून फुटण्याचीही भीती असते. मग कूलंट आणि एटीएफ मिसळून गुलाबी फेसाळ पदार्थ तयार होतो आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं. अशा गाडीचा रेडिएटर वेळेत बदलणं हे कूलरपेक्षा मोठं काम आहे.

तुम्ही लिहिलंय की मेहुणे माझा लेख वाचून येत्या शनिवारी कुर्ल्याला कूलर बसवायला निघालेत आणि तुम्ही त्यांना अडवताय. आधी वॉरंटी संपलीये का ते विचारा, मग ओबीडीवर किती आकडा येतो ते. दोन्ही उत्तरं कूलरच्या बाजूची असतील तर जाऊ द्या त्यांना, पण तुम्ही सोबत जा. पाइप एटीएफसाठीचाच हवा, पेट्रोलचा रबरी पाइप त्या गरम तेलाला टिकत नाही. जोडाच्या ठिकाणी धातूच्या नळीला कड उठवलेली असावी, नुसत्या क्लॅम्पवर भरवसा नको. कूलर आणि पाइपमध्ये जास्तीचं तेल मावतं, तेव्हा शेवटी पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला तपासून तेच स्पेसिफिकेशनचं तेल भरून घ्या. आणि कूलर अडकवायला मिस्त्रीने कंडेन्सरच्या पात्यांतून प्लास्टिकच्या काड्या ओवायला काढल्या, तर त्याला तिथेच थांबवा. आपल्या खड्ड्यांत त्या काड्या घासून घासून कंडेन्सरला भोक पाडतात आणि एसीचा गॅस जातो. ब्रॅकेट करून बॉडीला बोल्ट मारत असेल तर ठीक, नाहीतर गाडी तशीच घरी आणा.