यात काही राम नाही

आमच्या आईला रॅम म्हणता येत नाही, ती राम म्हणते. म्हणजे म्हणता येत नाही असंही नाही, मॅगी म्हणते, बॅग म्हणते, पण रॅमला मात्र राम. त्यामुळे जुलैतल्या एका शनिवारी भर पावसात मी छत्री घेऊन निघालो, तिने विचारलं कुठे चाललास, मी म्हटलं रॅम आणायला लॅमिंग्टन रोडला, तर हातातली फुलांची परडी खाली ठेवून तिने अगदी शांतपणे विचारलं, "का? देव्हाऱ्यातल्याला काय झालं?"

मूळ आग भाच्याने लावलेली. मे महिन्याच्या सुट्टीत आला, माझ्या कॉम्प्युटरवर कुठला तरी गेम टाकला, पाच मिनिटं खेळला आणि रिपोर्ट वाचताना डॉक्टर करतात तसा चेहरा करून म्हणाला, "मामा, तू अजून डीडीआर४ वर आहेस?" आता मी डोंबिवलीत आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे, सोसायटीच्या खजिनदारपदावर आहे हे सगळं मला माहीत होतं, पण मी डीडीआर४ वर आहे आणि त्याची लाज वाटून घ्यायची असते हे तोवर कोणी सांगितलं नव्हतं. डीडीआर४ म्हणजे रॅमची, कॉम्प्युटरच्या हाताशी असणाऱ्या मेमरीची, जुनी पिढी, नवी ती डीडीआर५.

वास्तविक मी त्या कॉम्प्युटरवर करतो काय, तर २८ फ्लॅटची मेंटेनन्सची बिलं. एक्सेल उघडायचं, सिंकिंग फंड, पाणीपट्टी, पार्किंग, ज्यांनी भरलं नाही त्यांचं व्याज, प्रिंट, बंद. पण बायकोला मी सांगितलं की व्हिडिओ एडिटिंगला लागेल. कुठला व्हिडिओ, असं तिने विचारलं नाही, नुसतं बघितलं.

मग सुरू झाला अभ्यास. बारावीला केला नाही इतका. पहिला धक्का असा की डीडीआर५ ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. पिना दोन्हीकडे २८८, लांबी तीच, फक्त मधली खाच किंचित सरकवलेली, की चुकूनही घुसू नये. म्हणजे रॅम घ्यायची तर मदरबोर्ड नवा, मदरबोर्ड नवा तर प्रोसेसर नवा. बटण बदलायला गेलेल्या माणसाने अख्खा कोट शिवून यावं तसला प्रकार, पण तोपर्यंत माझी जीभ एवढी लोंबत होती की मी तो कोट पण शिवला, रायझन ७६०० प्रोसेसर आणि त्याला बी६५० चा बोर्ड.

दुसरा धक्का आकड्यांचा. प्रत्येक पाकिटावर ६००० किंवा ६४०० असा मोठा आकडा आणि खाली बारीक अक्षरात ३०-३८-३८-९६. मला आधी वाटलं कुठल्या तरी टेलरचं माप चुकून छापलंय. तर त्यातला पहिला आकडा म्हणजे सीएल, मागितल्यापासून डेटा हातात यायला किती ठोके लागतात तो. ठोके कमी तर बरं, पण ठोका किती लांबीचा हे स्पीडवर, म्हणून नुसता सीएल बघून चालत नाही. सीएलला २००० ने गुणायचं, स्पीडने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात. ६००० ला सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० लाच सीएल ४० वाली स्वस्त स्टिक घेतली तर १३ च्या वर. हे तीन नॅनोसेकंद वाचवायला मी रोज रात्री दोन तास घालवत होतो.

आणि एका रात्री दुर्बुद्धी सुचली, मी माझ्या जुन्या डीडीआर४ चं गणित केलं. ३२०० ला सीएल १६. उत्तर १०. परत केलं, १०. मग २००३ च्या आसपासच्या डीडीआर ४०० मधल्या चांगल्यातल्या, सीएल २ वाल्या स्टिकचं केलं, तेही १०! म्हणजे वीसेक वर्षं सगळं जग धावतंय आणि पहिला बाइट हातात यायला लागतात तेच दहा नॅनोसेकंद. वाढलं काय, तर एका वेळेला वाहून आणायचा माल. माझी जुनी जोडी सेकंदाला ५१ जीबी आणायची, नवी ९६ आणणार. हे डोंबिवलीकराला समजावून सांगायची गरजच नाही. लोकल नऊ डब्यांची होती, बारा झाली, पंधरा झाली, माणसं जास्त जातात, पण डोंबिवली ते दादर वेळ तेवढाच आणि दिवा स्टेशनच्या अलीकडे थांबते ती थांबतेच.

इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं, मी लोकल पकडली.

दादरला बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चिखल तुडवत दुकान. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघताच "बॉस, बोलो" म्हटलं. मी सांगितलं, १६-१६ जीबीची जोडी, ६०००, सीएल ३०. तो आत ओरडला, "छे हजार मेगाहर्ट्झ निकाल!" आता माझ्या डोक्यात दोन महिन्यांचा अभ्यास तुंबलेला, मला राहवेना. मी म्हटलं, तसं ते ३००० मेगाहर्ट्झच असतं हां, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून ६००० मेगाट्रान्सफर म्हणायचं. त्याने पहिल्यांदा मान वर केली. "तो आधा पैसा दोगे क्या?"

पूर्ण पैसे दिले. साडेनऊ हजार. वर बिनलाइटची संपलीय म्हणून रंगीत लाइटवाली घ्यावी लागली. सीएल ३० हवं तर नाचणारे लाइट पण घ्या, कलिंगडाबरोबर दोन लिंबं घ्यायला लावतो आमचा भाजीवाला, त्यातलाच प्रकार.

रविवारी सकाळी जोडणी. स्लॉट चार, स्टिक दोन. सरळ माणूस पहिल्या दोनात घालेल, पण नाही, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात घालायच्या, कारण वायरिंग तसं असतं, टोकाचा स्लॉट रिकामा राहिला की सिग्नल तिथे आपटून परत येतो म्हणे. एक बाजू बसवली, दुसरी बाजू अंगठ्याने दाबली. बसेना. अजून दाबली. पंधरा हजारांचा बोर्ड आंब्याच्या पेटीच्या फळीसारखा वाकतोय आणि करकरतोय आणि तरी तो खट्ट आवाज येत नाहीये, त्या दोन सेकंदांत माणूस सगळ्या देवांना आठवतो. खट्ट झालं. बायको आतून म्हणाली काय तुटलं?

बटण दाबलं. पंखे फिरले, रॅमवर गुलाबी-निळं-हिरवं गणपतीच्या मखरासारखं सुरू झालं आणि स्क्रीन काळा. ठार काळा. बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक पिवळा दिवा, शेजारी लिहिलेलं डीरॅम. अर्धा मिनिट थांबलो, बंद केला. परत चालू, परत काळा, परत बंद. स्टिक काढल्या, फुंकर मारली (का ते विचारू नका, हात आपोआप गेला), परत घातल्या. एकच घालून बघितली. सहाव्या की सातव्या वेळेला मी बटणाकडे हात नेला तेव्हा आई मागे लसूण सोलत बसली होती, ती म्हणाली, "अरे विरजण लावलंयस का काय लावलंयस ते, दर दोन मिनिटांनी झाकण काढून हलवलंस तर लागेल का? चल जेवायला."

वैतागून तसाच सोडून गेलो. आमटी-भात, कोशिंबीर, वर ताक. परत येऊन बघतो तर स्क्रीनवर बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं बोर्डाचं सेटिंगचं पान. ३२ जीबी.

नंतर कळलं की डीडीआर५ पहिल्यांदा लावली की बोर्ड तिला ट्रेनिंग देतो. एकेका डेटा लाइनला नेमक्या कुठल्या क्षणी वाचायचं, किती पुढेमागे सरकवायचं हे तपासत बसतो, मैफिलीआधी तबलजी हातोडी घेऊन ठोकत बसतो तसा, आणि त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीनवर एक अक्षर येत नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींना गोल फिरणारं चक्र दाखवता येतं, इथेच काय धाड भरली? मी दर वेळेला तबलजीच्या हातातून हातोडी काढून घेत होतो.

असो. विंडोज चालू केलं, मोठ्या कौतुकाने टास्क मॅनेजर उघडला, रॅमचा स्पीड बघितला, ४८००.

तर पाकिटावर ६००० लिहिलेलं असतं ते आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये जाऊन एक्सपो नावाचं प्रोफाइल चालू करावं लागतं, इंटेलवाल्यांकडे त्यालाच एक्सएमपी म्हणतात. मग व्होल्टेज १.१ वरून १.३५ वर जातं. आणि गंमत अशी की माझ्या प्रोसेसरला कंपनीची अधिकृत मर्यादा ५२००, त्याच्या वरचं सगळं ओव्हरक्लॉक, म्हणजे आपल्या जबाबदारीवर. लोकलमध्ये दाराला लटकायचा अधिकृत पास विकत घेतल्यासारखं वाटलं मला. चालू केलं. परत ट्रेनिंग, ह्या वेळेला मी शहाण्यासारखा चहा करायला गेलो. ६००० आलं.

एक्सेल उघडलं. पूर्वीइतक्याच वेळात उघडलं. भाच्याच्या गेममध्ये फ्रेम वाढतात म्हणे, थकबाकीदारांवर परिणाम शून्य.

इथे तरी थांबावं ना? पण नवीन गाडी ऐंशीवर नीट चालली की पाय शंभरकडे जातोच. भाचा फोनवर म्हणाला, मामा ६४०० करून बघ, लागलं तर नशीब. केलं. लागलं! आठ दिवस मी ऑफिसात लोकांना न विचारता सांगत होतो. कॉम्प्युटर सुरू होतो, यूट्यूब चालतं, एकदा निळा स्क्रीन आला पण तो विंडोजचा अपडेट असेल म्हणून सोडून दिला.

सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आमची अठ्ठावीसला होती. सव्वीसच्या रात्री हिशेबाची फाइल उघडली तर एक्सेल म्हणालं, फाइल खराब आहे, जमेल तेवढं वाचवू का? म्हटलं वाचव बाबा. वाचवली, पण सिंकिंग फंडाचा कॉलम साफ पांढरा आणि पाणीपट्टीच्या जागी कुठल्या तरी परग्रहावरची लिपी. अस्थिर रॅमचं हेच वाईट असतं, ती सरळ मरत नाही, हसत हसत एखादा बिट उलटा करून ठेवते आणि आपण तो मन लावून सेव्ह करतो. दुर्दैवाने पेनड्राइव्हवरची कॉपी ऑगस्टातली.

रात्री अकराला मेमटेस्ट लावला, रॅम तपासणारा प्रोग्राम. पहिली वीस मिनिटं काही नाही, मी म्हटलं बघा रॅमचा दोष नाहीच, आणि मग लाल ओळी. एक, चार, शेहेचाळीस. तिकडे तो लाल होत बसला आणि इकडे मी डायनिंग टेबलावर बायकोचा जुना लॅपटॉप घेऊन पावतीपुस्तकावरून एकेक आकडा परत घालत बसलो. त्या लॅपटॉपची रॅम २६६६ ची आहे. एक्सेल तेवढ्याच वेळात उघडतं. हे मी मुद्दाम मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बघितलं, पहाटे तीनला, आणि बघायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी रॅम मुकाट्याने ६००० वर आणली, रात्रभर टेस्ट लावला, एकही लाल ओळ नाही. तेव्हापासून बायोसचं तोंड बघितलेलं नाही. मधे भाचा म्हणाला, दोन स्लॉट रिकामेच आहेत तर अजून एक जोडी टाक. ह्या वेळेला मी आधी वाचलं. चारही स्लॉट भरले की माझ्या प्रोसेसरचा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो. म्हणजे अजून साडेनऊ हजार घालून मी जवळजवळ जिथून निघालो त्या स्टेशनावर उतरणार. फोन ठेवला.

मग २०२५ चा डिसेंबर उजाडेपर्यंत रॅमचे भाव पेटले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, कारखानेही तिकडेच वळले, मायक्रॉनने तर क्रूशल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं, आणि माझ्याच जोडीचा भाव ऑनलाइन बघितला तर तिप्पट. आयुष्यात पहिल्यांदा मी घेतलेल्या वस्तूचा भाव वर गेला होता. मी तो बायकोला जरा मोठ्यानेच वाचून दाखवला. तिने भाजी चिरायची थांबवली, येऊन कॅबिनेटची भिंतीकडे केलेली काचेची बाजू पहिल्यांदाच आपल्याकडे फिरवली आणि आतल्या त्या नाचणाऱ्या लाइटकडे बराच वेळ बघितलं.

"दोन आहेत ना ह्या? एक विकूया."

मी म्हटलं, अगं असं करता येत नाही, एक काढली की सिंगल चॅनल होतं, माल आणायची एकच वाट उरते, सेकंदाला ९६ जीबीची ४८ होते.

ती म्हणाली, "बिलं २८ च आहेत."