आठ त्रिक चोवीस, भागिले चार

रत्नागिरीत रहाटाघरच्या स्टँडवरून आमच्या नाचणे गावाची बस माझ्या डोळ्यांदेखत सुटते, मी चाळीसेक पावलांवर असते, आणि मी ती जाऊ देते. हात करत नाही, हाक मारत नाही, पळत तर नाहीच. उलट आपल्याला त्या बसने जायचंच नव्हतं असा चेहरा करून शेंगदाणेवाल्याकडे बघत राहते. अशी तीस-पस्तीस वर्षं काढली. पळालं की लोक बघतात ना!

मूळ दुखणं सातवीतलं. लिंबू-चमच्याच्या शर्यतीत माझं लिंबू तीनदा पडलं आणि चमचा एकदा. बाकीच्या मुली पाणी पिऊन सावलीत बसल्या तेव्हा मी मैदानाच्या मधोमध लिंबू शोधत होते. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून आवाज आला, ‘शेवटच्या स्पर्धकासाठी जोरदार टाळ्या!’ अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी चालत आले आहे.

चालणंसुद्धा पुढे पुढे दुकानाच्या गल्ल्यापासून मागच्या फळीपर्यंतच उरलं. माझं कोकणमेव्याचं दुकान. आंबापोळी, फणसपोळी, काजूमोदक. नवा माल आला की चाखून बघावा लागतो, आणि नवा माल रोज येतो. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी रक्तातली साखर दुकानातल्या साखरेशी स्पर्धा करायला लागली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘औषध नंतर बघू, आधी चाला.’

मी अंगणात फेऱ्या सुरू केल्या. तिसऱ्या फेरीला शेजारच्या वहिनी गडग्यावरून वाकून म्हणाल्या, ‘काय हरवलंय का गो?’ दुसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी त्या बॅटरी घेऊन मदतीला आल्या.

मग ठरवलं, भाट्याचा किनारा गाठायचा. तिथे पहाटे कुणी ओळखीचं नसतं असा माझा समज. साडेपाचला स्कूटर काढली तर वहिनी फाटकात उभ्या. ‘कोण गेलं?’ आमच्याकडे बाईमाणूस इतक्या पहाटे घराबाहेर पडतं ते मयताला नाहीतर मुंबईच्या गाडीला, आणि माझ्या हातात बॅग नव्हती.

भाट्याला पोचले तर चालायला जागाच नाही. पाणी पार वर आलेलं. सुरूच्या झाडांखाली भुसभुशीत वाळूचा एक पट्टा तेवढा उरला होता. त्यात पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, आणि ते उपसून पुढचं टाकेपर्यंत घामाच्या धारा. (बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली मोजून ठेवलंय, की कोरड्या वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. मला न विचारताच त्यांना हे कळलं.) शंभर पावलांत मी एका सुरूच्या बुंध्याला मिठी मारून उभी होते. तेवढ्यात बाजूने आवाज आला, ‘ताई, आज अष्टमी.’

‘माझा उपास नसतो,’ मी म्हटलं.

पांढऱ्या टोपीतले ते गृहस्थ निवृत्त गणित-शिक्षक निघाले. त्यांनी तिथेच शिकवणी घेतली. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. अष्टमीला सकाळी सहाला पूर्ण भरती. भांगाची, म्हणजे लहान भरती असते, म्हणून किनारा अगदीच गिळत नाही, पण ओली, टणक वाळू पाण्याखाली जाते. पौर्णिमा-अमावास्येला उलट. भर दुपारी उधाणाची भरती, म्हणून पहाटे ओहोटी आणि फरसबंदीसारखी वाळू. ‘आमचं मंडळ पंचांग बघून पळतं. अष्टमी-नवमीला रत्नदुर्गाचा चढ. मी आज फक्त टोपी शोधायला आलोय, काल इथेच राहिली होती.’

मंडळ म्हणजे बाराएक माणसं. सर, एक रिक्षावाले भाऊ, कॉलेजच्या दोन मुली, बँकेतले एक साहेब (यांना सगळ्या जगाचं व्याज ठाऊक, स्वतःचं वजन नाही), आणि मिरकरवाडा बंदरावरच्या मावशी. मावशी आल्या त्या बंदीच्या दिवसांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, लिलाव बंद. घरी बसून सुनेशी भांडण्यापेक्षा पळावं, असा त्यांचा विचार. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या, पण मावशी काही थांबल्या नाहीत.

पद्धत सोपी होती. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. वेग एवढाच, की पळताना बोलता आलं पाहिजे. या नियमामुळे मंडळातल्या निम्म्या लोकांचा वेग कधी वाढलाच नाही. मला मात्र पहिल्या मिनिटाला बोलणं सोडा, हुंकारही जमला नाही. शिवाय ‘झालंच, त्या होडीपर्यंत’ असं जो तो सांगे. होडी आली की, ‘त्या ओंडक्यापर्यंत.’ किनारा दीडेक किलोमीटर सरळसोट, लपायला वळण नाही. झरी विनायकाजवळून निघालेला माणूस खाडीच्या मुखापाशी उभ्या असलेल्यांना सगळा वेळ दिसत राहतो. म्हणजे मी दिसत राहायचे.

आणि पहिल्या दिवशी मी शेवटी पोचले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तिथेच बसकण मारली. म्हटलं, उद्यापासून येणार नाही. लिंबू, चमचा, लाउडस्पीकर, सगळं सांगून टाकलं. नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. कुणी हसलं नाही, कुणी ‘असं काही नसतं हो’ असंही म्हटलं नाही. सर टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मावशी मात्र म्हणाल्या, ‘टाळ्या नको ना बाय? बरं. बघते मी.’

दुसऱ्या दिवशी मी शेवटून येतेय, अजून शंभर पावलं बाकी, तर समोरून खणखणीत आवाज: ‘बांगडा! बांगडा आला! शंभराला वाटा, बोलाऽऽ!’ मावशींनी माझा लिलाव पुकारला होता. रिक्षावाले भाऊ म्हणाले, ऐंशी. बँकेचे साहेब म्हणाले, बर्फ घातलाय का बघा. मला इतकं हसू आलं की उरलेलं अंतर पळाले की लोळले ते आठवत नाही. पर्यटकांचं एक कुटुंब थांबून बघत होतं. त्यातल्या एकाने खरंच विचारलं, मासे कुठे आहेत?

मग रोजच माझा भाव निघायला लागला. न थांबता पाच मिनिटं पळाले त्या दिवशी मी सौंदाळा झाले. गणपतीत मोदकांमुळे चार दिवस बुडाले तेव्हा पुन्हा बांगडा, तोही कालचा. मुलाने पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलंय, पण त्याच्यावर माझा विश्वास नाही; नारळ खवला की ते चारशे पावलं दाखवतं. मावशींचा भाव पक्का.

कार्तिकी पौर्णिमेला मी पाच किलोमीटर पळाले. किनाऱ्याच्या तीन लांब्या आणि वर थोडं. शेवटचीच आले, पण मावशी ओरडत होत्या, ‘सुरमई! अख्खी सुरमई! दोन हजार बोलाऽऽ!’ आणि बँकेच्या साहेबांनी, ज्यांनी कधी चहा पाजला नाही, त्यांनी दोन हजार शंभर म्हटलं.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. रामआळीतून दोन किलो आमसुलं घेऊन स्टँडवर पोचले तर बस सुटलेली. माझ्या अंगावर साडी, खांद्याला पिशवी, समोर निम्मं नाचणं उभं. आणि मी पळाले. शेंगदाणेवाल्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणीतरी ‘अगो, पडशील!’ म्हणालं. मी दांडा पकडला, आत चढले, आणि विजयी मुद्रेने कंडक्टरकडे बघितलं.

‘पावसला ना?’ तो म्हणाला.

बस पावसची होती. आता एवढं पळून, सगळ्या गाडीदेखत, चुकीच्या बसमध्ये चढले म्हणून कोण सांगणार? ‘भाट्ये,’ मी म्हटलं आणि सुटे पैसे काढले. पूल आला. खाली खाडीचं पाणी समुद्राकडे ओढत होतं. द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. दीडला भरती, त्यावर सव्वासहा तास, म्हणजे पावणेआठला ओहोटी, आणि घड्याळात आत्ता सव्वासहा.

उतरले, निऱ्या खोचल्या आणि चपला काढून आमसुलांवर ठेवल्या.