मोजितोच्या डब्यात रम नाही, आणि त्या डब्यानं रम उतरतही नाही

'पालकांनो, सावधान!' अशी सुरुवात असलेला आणि लाल दिव्यांच्या चित्रांनी भरलेला तो मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बहुतेक मराठी ग्रुपांवरून एव्हाना फिरून आलाय. ज्यांच्याकडं पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बाजारात 'मोजितो' आणि 'पिना कोलाडा' या रमच्या कॉकटेलांच्या चवीची एनर्जी ड्रिंक आली आहेत, त्यांत रम असते. त्यातलं टॉरिन नावाचं रसायन म्हणजे बैलाचं वीर्य. एक डबा म्हणजे दहा कप कॉफी. फ्रान्सनं यावर बंदी घातली आहे. पिणाऱ्याची लघवी पिवळीधमक होते, म्हणजे मूत्रपिंड गेलंच. कॉलेजची पोरं हे दारूत मिसळून घेतात, कारण त्यामुळं नशा चढत नाही आणि पोलिसांच्या मशीनला सापडत नाही. आणि चुकून प्यालात तर लिंबू-मीठ-पाणी घ्या, सगळं उतरतं. खाली 'बेंगळूरच्या मोठ्या डॉक्टरांकडून'. डॉक्टरांचं नाव नाही.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. औषधाच्या दुकानात बसणारा माणूस रोज एकेकाला समजावत बसला तर धंदा कधी करणार? खरं हा मेसेज खानापूरला दिलेल्या आमच्या अक्काकडं पोचला. तिनं पोराच्या बॅगेतला डबा काढून मोरीत ओतला आणि "आता तू देवघरात पाऊल टाकू नकोस बग" म्हणून त्याला बजावलं. इथवर ठीक होतं. पोरगा मात्र मला फोन करून काय म्हणाला? "मामा, ते नशा चढत नाही म्हणतात ते खरं हाय काय? मग बरंच झालं की, गोव्याहून येताना काय टेन्शन नाही!"

भीती घालायला लिहिलेल्या मेसेजमधून पोरानं नेमकी युक्ती उचलली. म्हणून हे लिहितोय.

आधी रमचं बघू. डबा मी आमच्या कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीतून आणला. आता ही बेकरी बटर, खारी आणि दूध विकते. कायद्यानं 0.5 टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असलेलं पेय हे मद्य ठरतं. त्याला अबकारीचा परवाना लागतो, बाटलीवर दारूचा वैधानिक इशारा लागतो. रम घातलेला डबा बेकरीच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी उभा राहतो, असं समजायला अबकारी खात्यावर फारच अविश्वास पाहिजे.

तरी म्हटलं, चव घेऊनच बोलावं. स्टीलच्या पेल्यात ओतलं. रंग अगदी फिका, हिरवट म्हणावा इतपत. फेस आला तसा बसला. वास पुदिन्याचा, पण तो च्युइंगमवाला पुदिना. पान चुरगाळल्यावर येणारा कच्चा हिरवा वास त्यात शोधूनही सापडत नाही. पहिल्या घोटाला जिभेवर गार लाट येते, ती मेंथॉलची. मेंथॉल तोंड खरोखर गार करत नाही, गारवा ओळखणाऱ्या नसांना नुसतं चाळवतं. मग सायट्रिक ॲसिडचा आंबटपणा गालांच्या आतून ओढतो, आणि त्याच्या पाठोपाठ गोड, भलतंच गोड. गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कॅफीनचा कडवटपणा रेंगाळतो. शेवटी नाकात जो वास उरतो तो बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची बरणी उघडल्यावर येतो तो. दुकानात बसणाऱ्याला तो डोळे मिटूनही कळेल. रमची आठवण करून देणारी जळक्या साखरेची एक छटा आहे, नाही असं नाही. पण रम घशातून उतरताना जी ऊब देत जाते ती इथं नाही. जो काही चटका लागतो तो गॅसचा. क्यूबातल्या हॅवानाच्या मोजितोत पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा असतो. त्यातली रम वगळून बाकीच्याची नक्कल केली आणि वर कॅफीन घातलं की हा डबा तयार. मला विचाराल तर या पैशात गाड्यावरचा लिंबू सोडा दोनदा प्यावा.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. चवीचे अर्क विरघळवायला कधीकधी अल्कोहोल वापरतात, त्याचा अंश अशा पेयात उरू शकतो. तो इतका नगण्य असतो की पिकलेल्या केळ्यातही तसा सापडतो. त्यानं कोणाला चढत नाही आणि देवही बाटत नाही. हां, बारच्या मेन्यूवरची नावं शाळकरी पोरांच्या तोंडी बसवायची, हा कंपन्यांचा उद्योग मला अजिबात आवडत नाही. पण तो आक्षेप वेगळा. मेसेजनं तो घेतलेलाच नाही.

बैलाचं वीर्य. हे वाचून खानापूरच्या कुठल्याही शेतकऱ्यानं हसायला पाहिजे होतं. बैल खच्ची केलेला असतो, त्याच्याकडं ही वस्तू कुठून यायची? लिहिणाऱ्यानं निदान वळू तरी लिहायचं. टॉरिन 1827 मध्ये टीडमन आणि ग्मेलिन या दोन जर्मन शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडलं ते बैलाच्या पित्तात, तिथून ही गोष्ट फुगत फुगत इथवर आली. आज पेयांसाठी ते कारखान्यात रसायनांपासून बनवतात. आपल्या शरीरातही ते असतं, आईच्या दुधातही असतं. डब्यावर हिरवा ठिपका आहे. दूध-मधासारख्या गोष्टी सोडून प्राण्यापासूनचं काही घातलं असतं तर तो ठिपका लावता आला नसता. अक्काला एवढं पटलं. बाकीचं नाही पटलं.

दहा कप कॉफी हे निव्वळ गणित आहे आणि चुकलेलं आहे. आपल्याकडं एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानं अशा पेयात एका लिटरला कमीत कमी 145 आणि जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं. म्हणजे 250 मिलीच्या डब्यात फार तर 75 मिलिग्रॅम. बरी कडक अशी एक मग कॉफी झाली.

पण पोरांच्या बाबतीत मेसेज योग्य ठिकाणी पोचलाय, भलेही चुकीच्या वाटेनं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 मध्ये मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल म्हटलं, आणि मुलांसाठी वजनाच्या किलोमागं 3 मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या पोरानं एक डबा घेतला की त्याची दिवसाची मर्यादा तिथंच संपली. शिवाय साखर. 100 मिलीला 11 ग्रॅम हे अशा पेयात नेहमीचं प्रमाण, म्हणजे एका डब्यात सहा-सात चमचे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, कॅफीन सोसत नाही अशी माणसं यांच्यासाठी नाही आणि दिवसात 500 मिलीवर नको, हे सगळं डब्यावरच छापलेलं असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. पाट्यांच्या भाषेवरून आमच्याकडं डोकी फुटतात. डब्यावरचा हा इशारा मात्र कुठल्याच भाषेत कोणी वाचत नाही.

फ्रान्सची बंदी खरी होती. टॉरिनबद्दल शंका म्हणून त्यांनी रेड बुल अनेक वर्षं बाजारात येऊ दिलं नाही, आणि 2008 मध्ये बंदी उठवली. मेसेज लिहिणाऱ्याकडं बातमी पोचायला अंमळ उशीर झाला. अठराच्या आतल्यांना विकायला बंदी आजही काही देशांत आहे, लिथुआनियात 2014 पासून, पोलंडमध्ये 2024 पासून. तेच लिहिलं असतं तर खोटं बोलायची गरज पडली नसती.

पिवळी लघवी ही बी-2 जीवनसत्त्वाची करामत. शरीराला नको तेवढं ते बाहेर टाकतं. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्या निम्म्या बेळगावनं हा रंग पाहिलाय आणि सगळ्यांची मूत्रपिंडं जागेवर आहेत.

आता त्या नशेच्या ओळीकडं येतो. कॅफीन अल्कोहोलचा एक थेंबही कमी करत नाही. रक्तातली दारू यकृत आपल्या गतीनं फोडतं, आणि त्या गतीला कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, एनर्जी ड्रिंक, कशानंच फरक पडत नाही. कॅफीन करतं काय, तर थकवा मेंदूला कळवणारा ॲडिनोसिन नावाचा निरोप्या असतो, त्याची जागा अडवून बसतं. त्यामुळं झोप येत नाही. दारू प्यालेल्या माणसाला आपल्याला चढलंय हे कळतं ते बरंचसं या गुंगीवरून, अंग जड होण्यावरून. ती खूणच पुसली की माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत. हात मात्र तेवढेच उशिरा वळतात, ब्रेकवरचा पाय तेवढाच उशिरा पडतो. आणि बरं वाटतंय म्हणून अजून एक पेग होतो तो वेगळाच.

हे माझं मत नाही. अमेरिकेत दारू आणि कॅफीन एकाच डब्यात घालून विकायचा प्रकार सुरू झाला होता. त्यातल्या 'फोर लोको' नावाच्या पेयानं 2010 मध्ये न्यू जर्सी आणि वॉशिंग्टन राज्यातले कॉलेजचे विद्यार्थी दवाखान्यात पोचले. 17 नोव्हेंबर 2010 रोजी तिथल्या एफडीएनं, म्हणजे अन्न-औषध खात्यानं, अशी पेयं बनवणाऱ्या चार कंपन्यांना इशारापत्रं धाडली. म्हणणं असं की दारूत घातलेलं कॅफीन हे असुरक्षित मिश्रण आहे, कारण आपल्याला किती चढलीय हे ज्या खुणांवरून माणूस ओळखतो त्याच ते झाकून टाकतं. फोर लोकोवाल्यांना कॅफीन काढावं लागलं. दारू विकायला अमेरिकन सरकारची हरकत नव्हती, कॅफीन विकायलाही नव्हती. हरकत होती ती दोन्ही एकत्र करायला. आमच्या मेसेजमध्ये नेमकं तेच एकत्र करायची सोय म्हणून सांगितलंय.

पोलिसांच्या मशीनचंही तेच. ते फुंकरीतलं अल्कोहोल मोजतं. तुम्ही जागे आहात का पेंगताय, हे त्याला कळत नाही आणि विचारायचंही नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मोजितोचा डबा वर घेतला तरी आकडा तोच येणार.

आणि मशीन ही पुढची गोष्ट. गोव्यातल्या साखळीहून निघून चोर्ल्याचा घाट चढायचा, पुढं कणकुंबी, जांबोटी. पावसाळ्यात त्या वळणांवर धुकं असं उतरतं की शुद्धीवरचा माणूसही काच खाली करून, डोकं बाहेर काढून गाडी हाकतो. तिथं अंगात दारू आणि डोक्यात 'मला काही झालेलं नाही' हा भरवसा घेऊन जाणाऱ्या पोराला हा मेसेज अडवणार आहे की ढकलणार आहे? भाच्याला मी फोनवर जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं ओ मामा, कळलं." कळलं असेल अशी आशा आहे. त्याच्या मित्रांपैकी प्रत्येकाला फोनवर असं सांगणारा मामा असेलच असं नाही.

राहता राहिला लिंबू-मीठाचा उतारा. त्यानं तोंडाची चव बदलते, बस. पोटातून रक्तात गेलेलं कॅफीन यकृतच फोडतं आणि निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं. रात्री नऊला डबा घेतला तर दोन वाजताही त्यातलं निम्मं अंगात आहे, लिंबू पिळा नाहीतर अख्खं झाड पिळा. एखाद्याची छाती धडधडायला लागली आणि थांबेनाच, तर लिंबू शोधत न बसता त्याला दवाखान्यात न्या, आणि त्यानं किती डबे घेतले, कशात मिसळून घेतले, ते डॉक्टरांना खरं सांगा. घरच्यांना नाही सांगितलं तरी चालेल.