तलाव सुशोभित झाला, पण त्यात मासा आहे का?

ठाणं म्हणजे तलावांचं शहर, असं आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण त्यातल्या एकाही तलावातला मासा घरी आणून शिजवायची माझी सध्या तरी छाती नाही, आणि माझी तक्रार हीच आहे.

मासुंदा, उपवन, कचराळी. कठडे आले, दिवे आले, कारंजी आली. पाण्यात काय जगतंय हे कोण बघतो? उन्हाळ्यात एखाद्या पहाटे तलावावर चक्कर मारा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात आणि काठावर कुणीतरी व्हिडिओ काढत असतो, "किती मासे बघ!" अहो, जीव गुदमरतोय त्यांचा. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट खातं. त्यात तळाशी कुजणारं निर्माल्य, वर आपण पुण्य म्हणून टाकलेला पाव. उजाडायच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. एखाद्या दिवशी तो पार संपला की मेलेल्या माशांचा खच आणि पेपरात फोटो.

गोड्या पाण्यातल्या माशाचं नाव काढलं की आपले पापलेट-सुरमईवाले नाक मुरडतात. "मातीचा वास येतो." येतोच. जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, निळंहिरवं शेवाळ ते तयार करतं आणि माशाच्या अंगात उतरतं. तोच रोहू काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला की वास जातो. आणि पहिल्या पावसात वलगणीचे, म्हणजे नव्या पाण्याबरोबर ओढ्याशेतांत चढणारे, मासे मिळाले की हेच लोक शेजाऱ्याला पत्ता लागू देत नाहीत! (ते अंडी घालायला चढत असतात, निदान थोडे तरी सोडा.)

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी; तिघं एका तळ्यात सुखाने नांदतात. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दरवर्षी सोडावी लागते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ साली संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातींची अंडी मिळवली, तेव्हापासून बीजाची अडचण नाही. तिलापियाचं उलटं. एकदा शिरला की स्वतःच वाढतो, इतका की सगळेच खुरटे राहतात. घरच्या टाकीतले मासे तलावात सोडणाऱ्यांनो, कृपा करा.

माझं म्हणणं एवढंच, एक लहान तलाव घ्या. आधी त्यात येणारं सांडपाणी बंद करा. पहाटेच्या प्राणवायूचा आकडा तलावाच्या पाटीवर लिहा. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर टिकला की बोटुकली सोडा. पुढे रविवार सकाळचे पास काढून गळ टाकू द्या, पैसे देखभालीला वापरा. माशांत जड धातू किती, ही तपासणी होईपर्यंत पकडलेला मासा परत पाण्यात. आज गळ काढला की रखवालदार शिट्टी मारतो. तोच तेव्हा पास तपासेल. पहिला पास माझा, कणकेच्या गोळ्या मी घरून आणतो.