नाना शंकरशेठ देणगीदार होते, एवढंच?

नमस्कार,

नानांच्या, म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ यांच्या, पुण्यतिथीला लिहिलेल्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून भांडलात, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: नाना हे पिढीजात श्रीमंत व्यापारी, इंग्रजांच्या मर्जीतले. त्यांनी देणग्या दिल्या आणि नाव झालं. रेल्वे बांधली ती मजुरांनी. मग चौक झाला, पुतळा झाला, तरी मुंबई सेंट्रल स्थानकालाही त्यांचंच नाव कशाला?

मजुरांबद्दल तुमचं बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. तिच्यात बसलेल्या मानकऱ्यांची वर्णनं आपण हौसेने सांगतो, पण भराव घालणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नसतं. पुढे बोरघाटाच्या कामात हजारो माणसं मेली. शिवाय ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि ती इथल्या महसुलातून पुरवली जाई. नाना त्या कंपनीच्या संचालकांपैकी होते. या गोष्टी माझ्या लेखात यायला हव्या होत्या.

पण ‘इंग्रजांच्या मर्जीतले’ हे मला पटत नाही. नाना मुंबई सरकारच्या शिक्षण मंडळाचे सभासद होते. मंडळाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पेरींचा कल असा की सरकारी पैसा इंग्रजीतून शिकवण्यावर खर्च व्हावा. नाना इंग्रजीच्या विरोधात मुळीच नव्हते, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळापासून शाळा उभारण्यात त्यांचा हात होता. तरीही सामान्य माणसापर्यंत विद्या पोचायची तर ती त्याच्याच भाषेतून पोचेल, हे त्यांनी अध्यक्षांच्या विरोधात लेखी मांडलं. फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे मंडळावरचे इतर दोन एतद्देशीय सभासदही त्याच बाजूचे. हा वाद १८४७च्या सुमाराचा. मर्जी सांभाळायची असती तर मान डोलावून घरी जाणं किती सोपं होतं!

सोनापूरचंही तेच. गिरगावातली ही स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारचा विचार होता. गिरगावातून शिवडीपर्यंत प्रेत खांद्यावरून न्यायचं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. ज्याच्या घरी गाडीघोडा आहे त्याचं अडत नाही, अडतं ते चाळीतल्या माणसाचं. नाना त्या माणसाच्या बाजूने उभे राहिले आणि सोनापूर जागेवर राहिलं. लोकोपयोगी काम म्हटलं की आपल्याला नवी इमारतच दिसते. असलेली सोय लोकांच्या हातून जाऊ न देणं हे मी तितकंच मोठं काम मानतो, आणि नानांच्या कामांत मला सर्वांत जवळचं हेच वाटतं.

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. नाना तिच्या धुरीणांपैकी. कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्धची गाऱ्हाणी तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे धाडली. १८५७ च्या उठावात हात असल्याचा तर सरकारला नानांचाच संशय आला होता, पुराव्याअभावी ते सुटले.

आता पैशाचं. होय, पैसा होता. पण मुलींना शिकवणं म्हणजे धर्म बुडवणं असं समजलं जाई त्या दिवसांत नानांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. देणगी दुरून देता येते. शाळा घरात आणली की जातवाल्यांचे, शेजाऱ्यांचे टोमणेही घरात येतात. हा फरक मला फार मोठा वाटतो. राणीची बाग आणि तिथलं संग्रहालय यांसाठी ते डॉ. भाऊ दाजींबरोबर झटले. संग्रहालय लोकांसाठी उघडलं १८७२ मध्ये. नाना ३१ जुलै १८६५ लाच गेले होते.

राहता राहिलं स्थानकाचं नाव. मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यावं असा ठराव २०२४ मध्ये विधिमंडळात झाला, भुयारी मेट्रोच्या तिथल्या स्थानकाला ते मिळालंही. मला त्याचा आनंद आहे, तो लपवत नाही. मात्र नुसत्या पाटीने भागत नाही, ही तुमच्या लिहिण्यामागची तगमग मलाही आहे. नाना चौकात रोज गाडी बदलणाऱ्याला हे ‘नाना’ कोण, हे सांगणारं कुणी भेटतंच असं नाही. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती एके काळी घराघरांत माहीत होती. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. त्या पिढ्यांना हे नाव अभ्यासाच्या ध्यासातून कळलं होतं. स्मारक म्हणून मला ती शिष्यवृत्ती पुतळ्याहून सरस वाटते.

तुमच्या प्रतिक्रियेनंतर मूळ लेख पुन्हा वाचला. ‘नानांनी मुंबईत रेल्वे आणली’ असं एक वाक्य त्यात होतं. ते काढून टाकलं आहे. आता तिथे लिहिलंय: ‘रेल्वे यावी म्हणून नाना १८४५ पासून खटपट करत होते, आणि ती बांधली हजारो अनाम मजुरांनी.’ सोनापूरचा उल्लेख आधी एका ओळीत उरकला होता, त्याला आता स्वतंत्र परिच्छेद दिला आहे. सवडीने वाचून बघा आणि अजून काही खटकलं तर जरूर कळवा.